वॉल्टरने घासून टाकलेले शिक्के

टेबलावर तीन रायफली होत्या आणि त्यांतली कोणती कोणत्या कंपनीची, हे मला सांगता येत नव्हतं. नेमकं तेवढंच सांगण्यासाठी त्या माझ्या लॅबमध्ये आल्या होत्या.

मी पहिली उचलून खिडकीजवळ नेली. नळीवर एक अक्षर नाही. उलटी केली. काही नाही. दुसरीची तीच गत. तिसरी तर घासूनपुसून भांड्यासारखी लखलखीत.

“यातली इंडियाहून आलेली कोणती?” मी विचारलं.

समोर उभा असलेला वॉल्टर हसला. “नाही ओळखता येत?”

“नाही.”

“आणि इटलीच्या दोन?”

“त्याही नाही.”

“वा!” तो म्हणाला. “मग मी माझं काम चोख केलंय.”

मी रायफल हळूच खाली ठेवली. आता माझ्या कामाचं काय, असं विचारण्याआधी मला पाण्याचा एक घोट घ्यावा लागला.

मी मेटलर्जिस्ट आहे. धातूची वस्तू का तुटली, किंवा ती तुटेल का, हे शोधणं हा माझा व्यवसाय. न्यू जर्सीतल्या आमच्या लॅबमध्ये बहुतेक वेळा पाइप येतात, व्हॉल्व्ह येतात, गॅसची सिलिंडरं येतात. बंदुका येत नाहीत. या आल्या त्याला कारण माझा मॅनेजर ग्रेग, आणि ग्रेगच्या चांगुलपणाला कारण माझ्या घरातलं दुःख.

त्या हिवाळ्यात प्रकाश गेला. आमचं लग्न नागपूरला झालं होतं आणि संसार सगळा इथे, वेस्ट विंडसरमध्ये. आपल्या माणसांनी कम्युनिटी हॉलमध्ये पुण्यानुमोदनाचा, म्हणजे बौद्ध रीतीने श्रद्धांजलीचा, कार्यक्रम केला, त्यानंतर मी कामावर परत आले. परत आल्यापासून सगळे माझ्याशी दवाखान्यात बोलतात तसे बोलत होते. मीटिंगमध्ये मी तोंड उघडलं की खोली गप्प होई. माझ्याकडचं एका बॉयलरचं गुंतागुंतीचं काम न विचारता दुसऱ्याला दिलं गेलं. कारमध्ये प्रकाशचं अर्धवट ऐकलेलं ऑडिओबुक तसंच थांबलेलं होतं. मी ते पुढेही नेत नव्हते आणि बंदही करत नव्हते. म्हणून मी शांततेत गाडी चालवत ऑफिसला जाई, आणि ऑफिसमध्येही शांतताच.

एक दिवस ग्रेग दारात उभा राहिला. आवाज खाली आणून म्हणाला, “तुझ्यासाठी एक हलकंफुलकं काम आहे. तुला वाचनाची आवड आहे ना? इतिहास वगैरे. एका संग्रहालयाला जुन्या रायफलींच्या प्रतिकृती घ्यायच्या आहेत. तीन मेकर आहेत. कोणाची क्वालिटी चांगली एवढं सांगायचं. आणि एक मेकर तर इंडियन आहे!”

शेवटचं वाक्य त्याने मला भेटवस्तू दिल्यासारखं म्हटलं.

संग्रहालय पेनसिल्व्हेनियातलं, छोटंसं. एकोणिसाव्या शतकातल्या यादवी युद्धातल्या सैनिकांचं जगणं तिथे दाखवतात. उन्हाळ्यात दर शनिवारी निळ्या लोकरी कोटातले स्वयंसेवक बंदुका भरून दाखवतात आणि मैदानाच्या टोकाला लावलेल्या लाकडी फळ्यांवर खऱ्या गोळ्या झाडतात. त्यांच्या वापरातल्या रायफली झिजल्या होत्या. नव्या घ्यायच्या तर विमा कंपनीने अट घातली: बाहेरच्या लॅबकडून तपासून घ्या. वॉल्टर त्या स्वयंसेवकांचा प्रमुख. सत्तरी ओलांडलेला, हायस्कूलमध्ये इतिहास शिकवून निवृत्त झालेला. येत्या शनिवारी संग्रहालयाचे विश्वस्त बघायला येणार होते आणि या तीनपैकी एक रायफल वॉल्टर स्वतः उडवणार होता. ती पसंत पडली की उरलेल्या तशाच मागवायच्या.

म्हणजे शनिवारी यातली एक नळी वॉल्टरच्या उजव्या डोळ्यापासून वीतभर अंतरावर पेटणार होती. हलकंफुलकं काम.

ही बंदूक कशी चालते ते थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आपल्याकडे जिला ठासणीची बंदूक म्हणत तीच ही, फक्त नळीच्या आत पीळ दिलेल्या खाचा असतात. नळीच्या तोंडातून काळी दारू ओतायची, वर शिशाची गोळी, मग गजाने ठासायचं. नळीच्या मागच्या टोकाला उजव्या बाजूला धातूचा एक उंचवटा असतो. त्याला बोल्स्टर म्हणतात. त्यावर एक पोकळ खुंटी, खुंटीवर आत स्फोटक भरलेली तांब्याची इवलीशी टोपी. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो, ठिणगी बोल्स्टरमधल्या भोकातून आत जाते आणि दारू पेटते. सगळा स्फोट नळीच्या मागच्या टोकात. बंदूक फुटली तर बहुधा तिथेच फुटते, आणि उडवणाऱ्याचा चेहराही तिथेच असतो.

म्हणूनच नळीवरचे शिक्के महत्त्वाचे. इटलीत बनलेली प्रत्येक नळी विक्रीआधी सरकारी चाचणीगृहात जाते. तिथे नेहमीपेक्षा बरीच जास्त दारू भरून ती उडवून बघतात. टिकली तर तिच्यावर शिक्का बसतो. अमेरिकेत असं सरकारी चाचणीगृह नाही. भारतात बनलेल्या प्रतिकृती बऱ्याचदा भिंतीवर टांगायची शोभेची वस्तू म्हणून इथे येतात. ठिणगी जायचं भोक पाडलेलंच नसतं. ते इथला दुकानदार किंवा गिऱ्हाईक पाडतं. म्हणून ती बंदूक वाईट असते असं नाही. तिची परीक्षा कोणी घेतलेली नसते, एवढंच.

हे सगळं मी आदल्या आठवड्यात वाचून काढलं होतं. तपासणीचा क्रम ठरवला होता. आधी शिक्के बघायचे, मग मापं, मग चिरा. आणि आता पहिलीच पायरी कोणीतरी कानशीने घासून टाकली होती.

“वॉल्टर, शिक्के कुठे गेले?”

“काढले.”

“का?”

त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. “मॅम, त्या काळातल्या सैनिकाच्या रायफलीवर ‘फक्त काळ्या दारूसाठी’ असं लिहिलेलं असेल का? त्याच्याकडे दुसरी कोणती दारू होती?”

मुद्दा बिनतोड होता.

या लोकांमध्ये, म्हणजे जुन्या युद्धांचे प्रसंग वेष घालून उभे करणाऱ्यांमध्ये, ही एक रीतच आहे. जे त्या काळाला धरून नाही त्याला ते ‘फार्ब’ म्हणतात. प्लास्टिकचं बटण फार्ब. मनगटावरचं घड्याळ फार्ब. नव्या रायफलीवरची आधुनिक अक्षरं, लाकडी दस्त्यावरचं चकचकीत पॉलिश, सगळं फार्ब. ते काढून टाकण्याला म्हणतात डीफार्ब करणं. बोटांची सालटी निघेपर्यंत घासतात. पाहुण्याला हातभर अंतरावरूनसुद्धा खोटं दिसता कामा नये, अशी त्यांची श्रद्धा असते. आणि खरं सांगते, ती मला आवडली. वॉल्टरने दस्त्याला जवसाचं तेल इतकं मुरवलं होतं की हात लावावासा वाटत होता.

“पण तुम्ही या तीन रायफली तपासायला पाठवल्यात,” मी म्हणाले. “तपासायच्या आधीच कशा घासल्यात?”

“अशा फार्बी अवस्थेत पाठवायच्या? लॅबमध्ये? मला लाज वाटली.”

पाहुणे येणार म्हणून घर आवरतात, तसं त्याने केलं होतं.

“बरं. कोणती कोणाची हे तुम्हाला तरी आठवतंय ना?”

“अर्थात.” त्याने लखलखीत रायफलीवर बोट ठेवलं. “ही इटलीतल्या सगळ्यात नावाजलेल्या कंपनीची. म्हणजे नळी त्यांची.”

“म्हणजे नळी त्यांची?”

“लॉक इंडियाचं आहे.” लॉक म्हणजे घोडा, स्प्रिंग आणि चाप यांना जोडणारी बाजूची यंत्रणा. “इटालियन कंपनीने लॉकच्या पट्टीचा आकार चुकवलाय. मागचं टोक बघा, बोथट. इंडियावाल्यांनी म्युझियममधली अस्सल रायफल समोर ठेवून बनवलंय बहुतेक. सुंदर बाक आहे. मग मी ते हिला बसवलं.”

“आणि हिचं लॉक?”

“त्या दुसरीला. थोडी कानस मारावी लागली.”

“आणि इंडियाच्या नळीला?”

“तिला त्या तिसऱ्या कंपनीचं. एवढं तर कोणीही करतं, मॅम.”

मी खुर्चीवर बसले. तीन मेकर होते. आता तिन्ही रायफली चौथ्याच कोणाच्या होत्या.

ग्रेगला जाऊन सांगितलं. त्याने चेहरा सहानुभूतीचा केला, जो मला आता पाठ झाला होता. म्हणाला, “तू फार खोलात जाऊ नकोस. जे समोर आहे ते तपास. रिपोर्टमध्ये लिही, नमुना एक, दोन, तीन.”

“संग्रहालय विचारणार, कोणत्या कंपनीची मागवू? मी काय सांगू? एकीची नळी, दुसरीचं लॉक आणि वॉल्टरची कानस?”

“स्ट्रेस घेऊ नकोस.”

“ग्रेग, हा स्ट्रेस नाही. हा प्रश्न आहे.”

तो म्हणाला, “शिरीषला घे मदतीला.”

शिरीष आमच्याकडे मोजमापाचं काम बघतो. पुण्याचा, माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, आणि प्रकाश गेल्यानंतर ज्याने माझ्याशी बोलण्याचा सूर बदलला नाही असा ऑफिसमधला एकटा माणूस. तो आला, तिन्ही रायफलींकडे पाहिलं आणि वॉल्टर बाहेर कॉफी घेत होता तेवढ्यात मराठीत सुरू झाला.

“ताई, हे म्हणजे एकाचं डोकं, दुसऱ्याचं धड. आणि आपल्याला विचारतायत, नाक कोणाच्या घराण्याचं.”

“विनोद नंतर. नळीवरचे शिक्के परत उठवता येतील का?”

“एचिंग करून? पोलिसांच्या लॅबमध्ये करतात तसं? ट्राय करू. पण आजोबा चिडतील हां. त्यांचा पॉलिश केलेला जावई आहे तो.”

“चिडू दे.”

“आणि ताई, एक सांगू? ग्रेगने मला आत्ताच विचारलं, इंडियावालीत काय प्रॉब्लेम निघाला म्हणून. अजून आपण भिंगसुद्धा लावलेलं नाही, यार!”

एचिंगची कल्पना सोपी आहे. लोखंडावर ठोकून शिक्का मारला की अक्षराच्या खालचा धातूही दाबला जातो. वरचं अक्षर कानशीने घासलं तरी खालचा दाबलेला थर काही प्रमाणात उरतो. पृष्ठभाग गुळगुळीत करून त्यावर विशिष्ट आम्ल फिरवलं की दाबलेला भाग आणि बाकीचा भाग वेगवेगळ्या वेगाने काळवंडतात. अक्षर सावलीसारखं वर येतं. नेहमी येतंच असं नाही.

वॉल्टरला हे सांगितलं तेव्हा त्याने टोपी काढून छातीशी धरली.

“म्हणजे तुम्ही ती अक्षरं परत आणणार?”

“प्रयत्न करणार.”

“ती घालवायला मला अख्खा वसंत लागला.”

“मला एक दुपार पुरेल.”

हे मी जरा तोडून बोलले. मग वाईट वाटलं. पण वॉल्टर लगेच उसळून म्हणाला, “तुम्ही आणि तुमचं आम्ल! फार्बी बाई!” आणि मला बरं वाटलं. किती तरी दिवसांनी कोणीतरी माझ्याशी धडधडीत भांडत होतं.

पहिल्या नळीवर एक अंधूक ठसा उठला आणि मागोमाग कंपनीच्या नावाची दोन अक्षरं. इटलीची दुसरी कंपनी. नंतर इंडियाची म्हणून सांगितलेली नळी घेतली. काहीच उठलं नाही. शिक्का मुळातच नव्हता की कानस खोलवर गेली, हे आम्हाला सांगता येणार नव्हतं, आणि मी ते तसंच लिहून ठेवलं. शेवटी ती लखलखीत, नावाजलेल्या कंपनीची. शनिवारी वॉल्टर हीच उडवणार होता.

शिरीषने कापसाचा बोळा फिरवला. चाचणीगृहाचा शिक्का आला. स्पष्ट. वॉल्टर कण्हला.

“थांब,” मी शिरीषला म्हणाले. “बोल्स्टरपर्यंत ने.”

“तिथे शिक्का नसतो, ताई.”

“ने तर खरं.”

तिथला धातू मला आधीपासून खटकत होता. चमक किंचित वेगळी होती. बोळा फिरला आणि बोल्स्टरच्या मुळाशी एक रेषा उमटली. मग रेषेला लागून एक पट्टा, बाकीच्या नळीपेक्षा गडद. कपड्याला ठिगळ लावलं तर ओलं झाल्यावर ते जसं उठून दिसतं, तसं.

मी ओळखलं. पाइपांवर असले पट्टे मी आयुष्यभर बघितले आहेत.

“वॉल्टर, इथे वेल्डिंग कोणी केलं?”

“मीच,” तो म्हणाला. “गॅरेजमध्ये. या कंपनीने सगळं छान केलंय, फक्त बोल्स्टर लहान आणि चौकोनी ठेवलाय. अस्सल रायफलीचा गोलसर, भरीव असतो. मग मी थोडा धातू चढवला आणि कानशीने आकार दिला. फोटोशी ताडून बघा, फरक दिसणार नाही.”

“फरक दिसत नाही, हे खरं आहे.”

“मग?”

“तुम्ही हिच्यातून गोळी झाडलीय?”

“शेतात. किती तरी वेळा. काही झालं नाही.”

हे वाक्य माझ्या धंद्यात आम्ही रोज ऐकतो. काही झालं नाही. ते नेहमी खरं असतं, आणि पुढच्या वेळेबद्दल ते काही सांगत नाही.

वेल्डिंगमध्ये काय होतं ते सांगते. आर्कच्या उष्णतेने तेवढीच जागा वितळते आणि आजूबाजूचं थंड लोखंड ती उष्णता झटकन ओढून घेतं. काही जातींचं पोलाद असं एकदम थंड झालं की त्या पट्ट्यात काचेसारखं ठिसूळ होतं. बाहेरून मजबूत दिसतं. आत केसासारखी चीर पडलेली असू शकते. पोलाद कोणत्या जातीचं आहे हे बघून, आधी तापवून, नंतर सावकाश थंड करून वेल्डिंग करायचं असतं. हे वॉल्टरला माहीत असायचं कारण नव्हतं. फोटोतला गोलावा त्याला माहीत होता.

मी नळी घेऊन आमच्या अंधाऱ्या बूथमध्ये गेले. तिथे नळीला चुंबकत्व द्यायचं आणि तिच्यावर चमकणाऱ्या लोखंडी कणांचं द्रावण ओतायचं. जिथे चीर असते तिथे कण गोळा होतात आणि जांभळ्या दिव्याखाली हिरवे चमकतात. वॉल्टर माझ्या मागे आला. मी त्याला नको म्हणाले नाही. बघणं त्याचा हक्क होता.

द्रावण ओघळून गेलं. नळी काळी. बोल्स्टरच्या मुळाशी वेल्डच्या कडेने एक हिरवी रेघ उरली. बारीक, वाकडी, आणि नळीच्या अंगावर थोडी चढलेली.

मग वॉल्टरने अगदी शिक्षकासारखा प्रश्न विचारला. “ती वरची घाण नसेल?”

मी नळी पुसली. पुन्हा चुंबकत्व दिलं, पुन्हा द्रावण ओतलं. रेघ परत त्याच जागी.

“मला पुढे वाकू द्या,” तो म्हणाला. वाकला. त्याचा चेहरा नकळत तसाच नळीजवळ आला जसा नेम धरताना येतो. ते त्याच्याही लक्षात आलं असावं. तो सरळ झाला.

“म्हणजे यांची क्वालिटी वाईट,” तो जरा वेळाने म्हणाला. “इतकं नाव आहे, आणि बघा. शेवटी कोणाची निघाली ही?”

“ही तुमची, वॉल्टर.”

अंधारात त्याचा चेहरा मला दिसला नाही. तो म्हणाला, “हं.” मग, “शनिवारी माझ्या डावीकडे माझी नात उभी राहणार होती. ती ढोल वाजवते.”

बाहेर आल्यावर ग्रेग भेटला. “ऐकलं, क्रॅक सापडली म्हणे. इंडियावाली?”

“नाही,” मी म्हणाले. “सगळ्यात नावाजलेली. आणि त्यात त्या कंपनीचाही दोष नाही.”

“मग दोष कोणाचा लिहायचा?”

शिरीष मागून मराठीत पुटपुटला, “लिहा, प्रेमाचा.”

मी ग्रेगला भाषांतर करून सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी संग्रहालयाच्या व्यवस्थापिका लिंडाशी फोन झाला. मी सांगितलं, शनिवारी या तिन्हींपैकी एकही रायफल भरायची नाही. चिरलेली नळी पुन्हा भरता येणार नाही अशी बुजवून परत पाठवते. तुलना हवी असेल तर तिन्ही मेकरांकडून प्रत्येकी दोन नव्या रायफली थेट लॅबच्या पत्त्यावर मागवा. खोकं वॉल्टरच्या गॅरेजवरून आलं तर मी ते उघडणार नाही.

“पण विश्वस्त येतायत,” लिंडा म्हणाली. “आपण काहीतरी तोडगा काढू या ना. कमी दारू भरली तर?”

“चिरेला कमी-जास्त कळत नाही.”

“तुम्ही फारच स्ट्रिक्ट आहात.”

“हो.”

शनिवारचं मला शिरीषने सांगितलं. तो मुलांना घेऊन मुद्दाम गेला होता. वॉल्टरने रिकामी बंदूक भरण्याचा सगळा विधी यथासांग केला, दारूशिवाय. ‘फायर’ म्हणाल्यावर काहीच झालं नाही. मग पुढच्या रांगेतली पोरं स्वतःच “बँग!” ओरडली आणि नातीने ढोलावर एक दणका दिला. विश्वस्तांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. वॉल्टर मात्र तोंड पाडून होता. पोरांचं ओरडणं त्या काळाला धरून नव्हतं.

नव्या रायफली आल्या. यावेळी मी त्या नीट तपासल्या: नळीची जाडी, आतला पीळ, मागच्या बुचाचे आटे, घोडा अर्ध्यावर, म्हणजे बंदूक चुकून उडू नये म्हणून असलेल्या टप्प्यावर, ठेवला असता चाप ओढून सुटतो का. ज्यांना उत्तर हवं आहे त्यांच्यासाठी सांगते. नावाजलेल्या इटालियन कंपनीच्या दोन्ही नळ्या उत्तम, पण एकीचा घोडा अर्ध्यावर टिकत नव्हता. दुसऱ्या इटालियन कंपनीचं काम ओबडधोबड, दस्ता जाड, आकार चुकलेला, पण दोन्ही बंदुका तंतोतंत सारख्या आणि निर्धोक. इंडियाच्या दोनपैकी एक इतकी सुबक की शिरीष फोटो काढत बसला. दुसरीच्या लॉकमधला धातू मऊ, आणि परीक्षेचा शिक्का दोघींवरही नाही. मेकर-मेकरांमधल्या फरकापेक्षा एकाच मेकरच्या दोन नगांमधला फरक पुष्कळदा मोठा होता. हे कोणालाच ऐकायचं नव्हतं. ग्रेगला एका ओळीत विजेता हवा होता, लिंडाला स्वस्तात अस्सल दिसणारी हवी होती, आणि वॉल्टरला इटलीची नळी, इंडियाचं लॉक आणि स्वतःचा बोल्स्टर हवा होता.

मी ओबडधोबड कंपनीची शिफारस केली.

वॉल्टरने रिपोर्ट वाचून मला फोन केला. “तो दस्ता बघितलात? वल्ह्यासारखा आहे.”

“दस्ता तासा,” मी म्हणाले. “लाकूड तुमचं. तेल पाजा, रंध्याने सोला, काय हवं ते करा. पोलादाला हात लावायचा नाही.”

“थोडासुद्धा?”

“वॉल्टर.”

“बरं, बरं.”

मला वाटलं, संपलं. रिपोर्ट सही करून गेला, माझ्या टेबलावर पुन्हा व्हॉल्व्ह आले. ग्रेगने बॉयलरचं काम परत दिलं. मी मागितलं म्हणून. आणि मग एका सकाळी लिंडाचा फोन.

“रायफली आल्या. सुंदर आहेत. फक्त एक छोटी गोष्ट. नळीवरची ती अक्षरं फोटोत फार डोळ्यांवर येतात. वॉल्टर म्हणतो, अगदी हलक्या हाताने...”

“काढा,” मी म्हणाले.

“खरंच?”

“हो. काढून झालं की सगळ्या रायफली परत लॅबला पाठवा. प्रत्येक नळी नव्याने तपासावी लागेल. रिपोर्टमध्ये मेकर म्हणून वॉल्टरचं नाव येईल आणि विमा कंपनीला तसं कळवावं लागेल.”

पलीकडे बराच वेळ कागद चाळल्याचा आवाज येत राहिला.

“राहू द्या,” लिंडा म्हणाली.

पुढच्या उन्हाळ्यात मी एका शनिवारी तिथे गेले. वॉल्टर रांगेच्या टोकाला उभा होता. दस्ता त्याने असा काही तासला होता की तो वल्हं राहिला नव्हता. त्याने दारू ओतली, गोळी ठासली, टोपी बसवली, गाल दस्त्याला लावला. दणका झाला, पांढरा धूर पसरला आणि दूरची फळी हलली. मला बघून त्याने भुवई उडवली, पण बंदूक वळवली नाही. अक्षरं आणि शिक्का नळीच्या डाव्या बाजूला आहेत, आणि तो नेहमी प्रेक्षकांकडे उजवी बाजू करूनच उभा राहतो. फार्बी गोष्ट लोकांना दिसू नये म्हणून.

माझी हरकत नाही. शिक्का बघणाऱ्यांसाठी नसतो. आणि कोणाची क्वालिटी चांगली असं मला आता कोणी विचारलं, तर मी आधी विचारते, कारखान्यातून निघाल्यावर हिला हात कोणी लावला?